पोलादाऐवजी कंपोझिट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाड्यांचे सुटे भाग बनवणारे, बांधकामाचं डिझाइन करणारे, शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी असे सगळ्या प्रकारचे लोक मला हे प्रश्न विचारतात. शब्द वेगळे असले तरी मूळ प्रश्न बहुधा एकच असतो: ‘हा भाग आत्ता स्टीलचा आहे. कंपोझिटचा केला तर हलका होईल ना?’ होईलही, नाहीही. तो भाग ओढला जातो, वाकतो की दाबला जातो, यावर ते ठरतं. खालच्या निम्म्या उत्तरांमध्ये मी हीच गोष्ट वेगवेगळ्या बाजूंनी सांगतो आहे.

कंपोझिट म्हणजे शेवटी प्लास्टिकच ना?

आरसीसीला नुसतं सिमेंट म्हणण्यासारखं आहे ते. यात दोन गोष्टी असतात: तंतू आणि त्यांना धरून ठेवणारी राळ, म्हणजे रेझिन. भार तंतू घेतात. रेझिन त्यांना जागेवर सरळ ठेवतं आणि एका तंतूवरचा भार शेजारच्यावर पोचवतं. कार्बन फायबरची कोरडी लड हातात घेऊन ओढा, हात कापेल पण लड तुटणार नाही. तीच लड दोन्ही टोकांकडून दाबा, दोऱ्यासारखी दुमडेल. रेझिन भरून घट्ट झालं की मग ती दाबही घेते. बांबू आणि लाकूड याच तत्त्वावर उभे असतात. या पानावर कंपोझिट म्हणजे काचतंतू किंवा कार्बन फायबर, आणि सोबत इपॉक्सी, व्हिनिल एस्टर किंवा पॉलिएस्टर रेझिन.

‘स्टीलपेक्षा पाचपट हलकं, पाचपट मजबूत’ हे खरं आहे का?

पहिला अर्धा भाग खरा. स्टीलचं वजन घन सेंटिमीटरला ७.८५ ग्रॅम, कार्बन-इपॉक्सीचं साधारण १.५५. काच-रेझिनचं १.९ च्या आसपास, म्हणजे चौपट हलकं.

दुसऱ्या अर्ध्या भागात मात्र जाहिरातीची करामत असते. नेहमीच्या वापरातल्या चांगल्या प्रतीच्या कार्बन तंतूची ताणशक्ती ४९०० मेगापास्कलच्या घरात असते, तर साधं बांधकामाचं स्टील २५० ला नमतं, म्हणजे कायमचं ताणलं जायला लागतं. आकडा तोंडात बोट घालायला लावणारा आहे, पण तो एकट्या तंतूचा, एकाच दिशेतला. रेझिन मिसळल्यावर, सगळे तंतू एका दिशेत ठेवले तरी तो निम्म्यावर येतो. आणि त्याच पट्टीला आडवं ओढलं तर तिथे फक्त रेझिन भार घेतं, आणि काही दशक मेगापास्कलमध्येच ती चिरते. चारही दिशांना थर टाकले की ताकद सगळीकडे वाटली जाते आणि प्रत्येक दिशेत उरते ती पुन्हा कितीतरी कमी.

स्टीलला दिशा नसते, कुठूनही ओढा, तेवढंच. कंपोझिटमध्ये प्रत्येक थर कुठल्या कोनात ठेवायचा हे तुम्ही ठरवता. फायदाही तिथूनच मिळतो आणि चूकही तिथेच होते.

मग माझा भाग नेमका किती हलका होईल?

इथे जरा थांबून हिशेब करू. बहुतेक भागांमध्ये अडचण ताकदीची नसते, ताठपणाची असते. पत्रा फाटत नाही, लपलपतो. तुळई मोडत नाही, झुकते. स्टीलचा ताठपणा २०० गिगापास्कल. सगळ्या दिशांना थर टाकलेल्या कार्बन लॅमिनेटचा (थरांवर थर चिकटवून केलेल्या तक्त्याचा) साधारण ४५, आणि विणलेल्या काचकापडाच्या लॅमिनेटचा १५ धरू.

पहिला भाग: एक सपाट पॅनेल, १ मिलिमीटर स्टीलचं. चौरस मीटरला ७.८५ किलो. पॅनेलच्या वाकण्याचा ताठपणा जाडीच्या घनावर अवलंबून असतो, त्यामुळे जाडी थोडी वाढवली तरी भरपूर ताठपणा मिळतो. कार्बनचं पॅनेल १.६५ मिलिमीटर केलं की स्टीलची बरोबरी होते. वजन सुमारे २.५ किलो, म्हणजे एक तृतीयांश. काचेचं पॅनेल २.४ मिलिमीटर लागेल, वजन साडेचार किलो. तरीही चाळीस टक्क्यांहून जास्त बचत.

दुसरा भाग: नुसता ओढला जाणारा दांडा. इथे जाडीच्या घनाची मदत नाही. ताठपणा कमी पडला तर तितक्या पटीने छेद, म्हणजे दांडा आडवा कापल्यावर दिसणारं क्षेत्रफळ, वाढवावा लागतो. त्याच कार्बन लॅमिनेटचा दांडा करायचा तर छेद साडेचारपट हवा, आणि वजनात बचत होते जेमतेम बारा टक्के. काचकापडाचा केला तर? छेद तेरापटीहून जास्त आणि वजन स्टीलच्या तिप्पट. हो, तिप्पट जड. हा आकडा दाखवला की समोरचा माणूस कॅल्क्युलेटर मागून घेतो.

अर्थात दांड्यात कुणी चारी दिशांना थर टाकत नाही. सगळे तंतू लांबीने ठेवले तर कार्बनचा ताठपणा १३५ च्या आसपास जातो आणि दांडा स्टीलच्या तीस टक्के वजनात होतो. मटेरियल तेच, फक्त तंतूंची मांडणी बदलली. म्हणून ‘कंपोझिटने किती टक्के वजन वाचतं’ याचं एकच सरसकट उत्तर देणाऱ्याकडे मी जरा संशयाने बघतो.

डिझाइन तेच ठेवून फक्त मटेरियल बदललं तर चालेल?

माझ्या कामाच्या सुरुवातीच्या दिवसांत मी हेच केलं होतं. वाकवलेल्या पत्र्याचा एल आकाराचा ब्रॅकेट होता. त्याच मापाचा साचा केला, काचकापडाचे थर लावले, जाडी अडीचपट ठेवली. दिसायला झकास. चाचणीत आतल्या कोपऱ्यात थर एकमेकांपासून सुटले, एखादं जुनं पुस्तक पाठीवर उघडावं तसे. कारण असं की कोपरा उघडायला लागला की थरांमध्ये त्यांना विलग करणारा ताण येतो, आणि थरांच्या मध्ये तंतू नसतात, नुसतं रेझिन असतं. स्टीलला कोपऱ्याचं काही वाटत नाही. कंपोझिटला तिथे मोठी गोलाई लागते, किंवा मुळात तो कोपराच नको असा आकार लागतो.

एकच भाग बदलण्यापेक्षा दहा वेल्ड केलेले तुकडे मिळून एक साच्यातला भाग करता येतो का, हे आधी बघा. तसं जमलं तर बहुतेक वेळा खर्चही तिथेच भरून निघतो.

बोल्ट लावता येतात का?

येतात, पण कंपोझिटमधली निम्मी डोकेदुखी जोडांचीच. भोक पाडलं की तंतू तुटतात. स्टीलच्या जोडात चार बोल्ट असले आणि एकावर जास्त भार आला, तर तिथलं स्टील किंचित नमतं आणि भार बाकीच्या तिघांवर जातो. कंपोझिट असं नमत नाही. ज्या बोल्टवर जास्त भार येतो, तिथूनच फाटायला सुरुवात होते. म्हणून भोकं नेमक्या मापाची लागतात, कडेपासून अंतर जास्त ठेवावं लागतं आणि जोडाच्या जागी तिरपे थर वाढवावे लागतात.

चिकटवलेला जोड अनेकदा उत्तम, कारण भार मोठ्या क्षेत्रावर पसरतो. पण पृष्ठभाग नीट घासलेला आणि तेलकटपणा काढलेला हवा. बोटाचा ठसासुद्धा नको.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. कार्बन वीज वाहून नेतो. ॲल्युमिनियम किंवा साधं स्टील त्याला चिकटून असेल आणि मध्ये ओलावा आला, तर धातू झपाट्याने गंजतो. कार्बनला काहीच होत नाही, शेजाऱ्याचा बळी जातो. म्हणून मध्ये काचकापडाचा एक थर घालतात, किंवा विमानांत करतात तसे टायटॅनियमचे बोल्ट वापरतात.

गंजत नाही, म्हणजे कायमचं टिकतं ना?

गंजत नाही हे खरं, पण म्हातारपण त्यालाही येतं. उन्हातले अतिनील किरण वरचं रेझिन खातात, मग तंतू उघडे पडून पृष्ठभाग पांढुरका आणि खरखरीत होतो. रंग किंवा जेलकोट (सगळ्यात वरचा रेझिनचा संरक्षक थर) याच कारणासाठी असतो, नुसता दिसण्यासाठी नाही. रेझिन थोडं पाणीही पितं. त्याने ते मऊ पडतं, आणि पाण्यात राहणाऱ्या बोटींच्या तळाला फोड येतात.

काचतंतूचा एक खास दोष म्हणजे कायमचा भार त्याला सोसत नाही. क्षणभरात जो भार सहज घेईल, तोच वर्षानुवर्षं टांगून ठेवला तर एक दिवस अचानक तुटतो. अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या जुन्या मार्गदर्शिकेत काचेच्या सळईवर कायमच्या भाराची मर्यादा तिच्या ताकदीच्या २० टक्के होती, कार्बनला ५५ टक्के. दोन आकड्यांमधला फरक बघा. ‘फायबर ते फायबर’ असं म्हणून चालत नाही.

काँक्रीटमध्ये लोखंडी सळईऐवजी फायबरची सळई घालावी का?

समुद्राच्या खाऱ्या हवेत किंवा हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात अशा ठिकाणी, जरूर विचार करावा. काँक्रीटमधलं लोखंड गंजलं की फुगतं आणि आतून काँक्रीट फोडतं. काचेच्या सळईत हे घडत नाही. एमआरआय यंत्राच्या खोलीत चुंबकाला चिकटणारं काही नको, तिथेही ती चालते. भुयार खणणारं यंत्र ज्या भिंतीतून पुढे जाणार आहे, तेवढ्या भागात मुद्दाम काचेच्या सळया घालतात. यंत्राचे दात त्या सहज कापतात. लोखंड असतं तर अडकलं असतं.

पण ‘ताकद दुप्पट, म्हणून सळया निम्म्या’ असं कुणी सुचवलं तर तिथेच थांबवा. या सळईचा ताठपणा लोखंडाच्या साधारण पावपट असतो, त्यामुळे स्लॅब जास्त झुकतो आणि तडे रुंद होतात. सळयांची संख्या ठरते ती या झुकण्यावरून आणि तड्यांवरून. शिवाय ही सळई साइटवर वाकवता येत नाही. बाक हवा असेल तर कारखान्यातूनच वाकवून आणावी लागते, आणि बाकाच्या जागी ती कमजोर असते. लोखंड तुटण्याआधी ताणलं जातं, तडे दाखवून इशारा देतं. ही सळई शेवटपर्यंत सरळ ताणली जाते आणि मग एकदम तुटते. काँक्रीटमधला अल्कलीही साध्या काचेला खातो, म्हणून अल्कलीला टिकणारी काच आणि व्हिनिल एस्टर रेझिन घेतात.

जुना पूल किंवा इमारत कार्बनच्या पट्ट्यांनी मजबूत करता येते का?

माझ्या मते कंपोझिटचा बांधकामातला सगळ्यात शहाणा वापर हाच आहे. स्वित्झर्लंडमध्ये ल्युसर्नजवळच्या इबाख पुलाचं उदाहरण या क्षेत्रात सगळ्यांना पाठ असतं. सिग्नल बसवण्यासाठी भोकं पाडताना पुलातल्या ताणलेल्या केबलला इजा झाली. १९९१ मध्ये तिथे खालून कार्बनच्या पट्ट्या चिकटवल्या. स्टीलच्या पट्ट्या लावायच्या असत्या तर १७५ किलो लागल्या असत्या, कार्बनच्या लागल्या ६.२ किलो. कार्बन किलोला कितीही महाग असो, इथे खर्च मटेरियलचा नसतोच. तो असतो परांचीचा, क्रेनचा आणि वाहतूक बंद ठेवण्याचा. सहा किलोची पट्टी माणूस हाताने वर धरू शकतो.

अख्खा पूल कंपोझिटचा होतो का?

पादचाऱ्यांचा होतो. स्कॉटलंडमध्ये ॲबरफेल्डी इथे टे नदीवर १९९२ पासून एक उभा आहे: एकूण लांबी ११३ मीटर, मधला गाळा ६३ मीटर, चालायचा तळ आणि मनोरे काचतंतूचे, केबल अरामिड (केवलारच्या जातीच्या) तंतूच्या. अवजड वाहतुकीच्या मोठ्या पुलांना मात्र स्टील आणि काँक्रीटच परवडतं. तिथे ताठपणा हवा असतो आणि वजन कमी करून फारसं काही मिळत नाही.

आग लागली तर?

दोन वेगळे प्रश्न आहेत, ते एकत्र करू नका: भार कधीपर्यंत पेलेल, आणि जळेल का.

भाराचं म्हणाल तर स्टीलही आगीत टिकत नाही. ६०० अंशांच्या आसपास त्याची निम्म्याहून जास्त ताकद गेलेली असते. पण रेझिन त्याच्या कितीतरी आधी मऊ पडतं. खोलीच्या तापमानाला घट्ट झालेलं साधं इपॉक्सी ५० ते ८० अंशांतच ढिलं पडू लागतं. गडद रंगाचा भाग कडक उन्हात एवढा तापू शकतो. म्हणून इमारतीला चिकटवलेल्या पट्ट्यांच्या डिझाइनमध्ये असं धरून चालतात की आगीत पट्टी गेलीच, आणि तेवढ्या वेळापुरतं मूळ बांधकामाने स्वतःच्या बळावर उभं राहायला हवं.

जळण्याचं म्हणाल तर रेझिन जळतं आणि धूर विषारी असतो. पण जाड लॅमिनेटचे वरचे थर कोळसा होऊन आतल्या थरांना काही काळ वाचवतात. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर एक एअरबस ए३५० उतरताना छोट्या विमानाला धडकून पेटलं. त्या छोट्या विमानातले ५ जण गेले. ए३५० मधले सगळे ३७९ जण मात्र बाहेर पडले, आणि नंतर ते विमान जवळपास पूर्ण जळालं. ए३५० च्या ढाच्याचा निम्म्याहून जास्त भाग कंपोझिटचा असतो.

कंपोझिटची गाडी अपघातात सुरक्षित असते का?

फॉर्म्युला वनमध्ये मॅक्लॅरेनने १९८१ मध्ये एमपी४/१ ही कार्बनच्या सांगाड्याची गाडी उतरवली तेव्हा अनेकांना वाटत होतं की धडकेत हिचा भुगा होईल. त्याच वर्षी इटलीतल्या मोंझाच्या शर्यतीत मॅक्लॅरेनचा चालक जॉन वॉटसन याची गाडी इतक्या जोरात आदळली की इंजिन मागून तुटून पडलं. वॉटसन स्वतः चालत बाहेर आला.

स्टील घडी पडून ऊर्जा खातं. नीट डिझाइन केलेली कार्बनची नळी पुढच्या टोकापासून चुरा होत जाते आणि दर किलोमागे स्टीलपेक्षा कितीतरी जास्त ऊर्जा खाते. ‘नीट डिझाइन केलेली’ हे शब्द महत्त्वाचे. टोकाला तिरपी धार ठेवून चुरा तिथूनच सुरू होईल अशी सोय करावी लागते. ती नसेल तर नळी मधूनच कडाडून मोडते आणि जवळपास काहीच खात नाही.

आत इजा झाली आहे हे कसं ओळखायचं?

स्टीलला पोचा पडतो, तो दिसतो. कार्बनवर पाना पडला तर वर साधा ओरखडाही दिसत नाही, पण आत थर सुटलेले असू शकतात. सगळ्यात स्वस्त तपासणी नाण्याची. नाण्याच्या कडेने हळूहळू टकटक करत पुढे सरकायचं. चांगल्या जागी आवाज खणखणीत येतो, थर सुटलेल्या जागी तोच आवाज बसका, भदभद होतो. कान तयार व्हायला आठवडाभर पुरतो. खात्रीसाठी अल्ट्रासोनिक तपासणी आहेच, आणि जिथे जिवाचा प्रश्न आहे तिथे नाण्यावर भागवू नये.

दाबाच्या टाक्यांना हे मटेरियल कसं?

दाब आतून असेल तर याच्याइतकं योग्य काही नाही. आतल्या दाबाने टाकीचं कवच ताणलं जातं आणि ताण हा तंतूंचा हातखंडा. हायड्रोजन गाड्यांमध्ये ७०० बारच्या टाक्या असतात: आत प्लास्टिकचं अस्तर, वर गुंडाळलेला कार्बन.

दाब बाहेरून असेल तर चित्र उलटं होतं. कवच दाबलं जातं, आणि थरांत बारीकशी सुरकुती किंवा सुटलेली जागा असेल तरी तिथून तंतू वाकायला लागतात. टायटॅनिकच्या अवशेषांकडे जाताना जून २०२३ मध्ये पाच माणसांसह चिरडली गेलेली टायटन ही पाणबुडी अशीच होती: कार्बन फायबरचं नळकांडं आणि दोन्ही टोकांना टायटॅनियमचे घुमट.

मग सगळ्या गाड्या कार्बनच्या का नाहीत?

पैसा आणि वेळ. स्टीलचा दरवाजा प्रेसमध्ये काही सेकंदांत निघतो, कार्बनचा भाग साच्यात काही मिनिटं तरी बसतो. बीएमडब्ल्यूने २०१३ ते २०२२ या काळात आय३ ही गाडी बनवली. माणसं बसतात तो पिंजरा कार्बनचा आणि खालची चासी ॲल्युमिनियमची. गाडी चांगली होती, पण तिच्यामागे सगळा उद्योग त्या वाटेने गेला नाही. दरम्यान स्टीलही स्वस्थ बसलं नव्हतं. आजच्या गाड्यांच्या खांबांमध्ये १५०० मेगापास्कलचं स्टील असतं, त्यामुळे पत्रा पातळ करता येतो.

काही जागा मात्र कंपोझिटसाठीच असाव्यात अशा आहेत, आणि त्यातली माझी लाडकी म्हणजे पाटे, म्हणजेच गाडीच्या लीफ स्प्रिंग. लीफ स्प्रिंगला ताठ असायचं नसतंच, तिला वाकून ऊर्जा साठवायची असते. काचतंतूचा कमी ताठपणा इथे दोष न राहता गुण ठरतो. शेवरोले कॉर्व्हेटची बॉडी १९५३ पासूनच काचतंतूची होती. १९८१ मध्ये तिच्या मागच्या बाजूला काचतंतूचा एकच आडवा पाटा आला, आणि त्याचं वजन जुन्या स्टीलच्या पाट्यांच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतकं होतं.

पर्यावरणाला कोणतं बरं?

सरळ उत्तर नाही. कार्बन फायबर बनवताना मूळ तंतू आधी २०० ते ३०० अंशांना आणि मग हजार अंशांहून वर तापवतात, आणि त्यात निम्मं वजन उडून जातं. किलोला किलो तुलना केली तर स्टीलपेक्षा त्याचं कार्बन उत्सर्जन कितीतरी पट जास्त. हे कर्ज फिटतं ते वापरात. रोज उडणाऱ्या विमानात लवकर फिटतं, आठवड्यातून एकदा निघणाऱ्या गाडीत बहुधा कधीच नाही.

शेवटी भंगारात स्टील चुंबकाने वेगळं होतं आणि पुन्हा वितळतं. घट्ट झालेलं इपॉक्सी वितळत नाही. भट्टीत हवेशिवाय तापवून कार्बन तंतू परत मिळवता येतात, पण तुकड्यांत. काचतंतू सिमेंटच्या भट्टीत जातो: रेझिन जळण म्हणून, काच कच्चा माल म्हणून. शंभर मीटरहून लांब पवनचक्कीची पाती आज बनताहेत. ती उतरवल्यावर पुढे काय, हा प्रश्न आधी विचारायला हवा होता.

स्वतः करून बघायचं आहे. काय सांभाळू?

हातमोजे, डोळ्यांना चष्मा, कापताना-घासताना मास्क. काचेची धूळ अंगाला दोन दिवस खाजवते. रेझिन आणि हार्डनर एकाच वेळी मोठ्या भांड्यात मिसळून ठेवू नका. घट्ट होताना ते तापतं, आणि खोल भांड्यात ती उष्णता बाहेर पडायला वाट नसते. माझ्या हातातला प्लास्टिकचा मग एकदा बघता बघता मऊ झाला आणि धुरायला लागला. तेव्हापासून मी मिश्रण उथळ ट्रेमध्ये ओततो.

तुमच्याकडे भाग दाखवायला यायचं तर सोबत काय आणू?

ड्रॉइंग आणा, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे भाराची माहिती: कुठून येतो, कुठे जातो, किती वेळा येतो, किती वेळ राहतो, किती झुकलेलं चालेल, आसपास किती गरम होतं. आणि स्टीलचा जुना भाग कधी मोडला असेल तर तो मोडलेला तुकडाही आणा, फक्त तुटलेली जागा घासून साफ करू नका.